इंटरनेट जाळ्यातल्या ट्रॅफिकच्या अलार्मची मर्यादा किती ठेवावी? खानापूर-बेळगाव भागातील अनुभव हवेत

मलप्रभाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी.

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या दक्षिणेकडच्या काही गावांत आमचे फायबर इंटरनेटचे छोटे जाळे आहे. दोन ओएलटी (घरोघरच्या फायबर जिथून सुटतात ती उपकरणे), वीसेक स्विच, बेळगावातून येणारी एक मुख्य अपलिंक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी लिंक, आणि ती तुटली तर हाताशी असावी म्हणून जांबोटीच्या बाजूने आणलेली एक वायरलेस लिंक, एवढाच पसारा. देखरेखीसाठी कॅक्टाय हे सॉफ्टवेअर बसवले आहे. ते दर पाच मिनिटांनी प्रत्येक पोर्टचा ट्रॅफिक मोजते आणि वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की रात्रपाळीच्या मुलाच्या फोनवर संदेश धाडते. हा ८० चा आकडा मी दोन वर्षांपूर्वी टाकला. सगळीकडे तोच दिसतो म्हणून टाकला. आमच्या जाळ्याला तोच का, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

जुलैतल्या एका रात्री ३१२ संदेश आले. बहुतेक संदेश त्याच चार-पाच पोर्टचे होते. वापर ८१ टक्के झाला, अलार्म वाजला, ७९ झाला, अलार्म मिटल्याचा संदेश आला, पुन्हा ८१. साडेबाराच्या सुमारास मुलाने फोनचा आवाज बंद केला. पावणेदोनला एका छोट्या रुग्णालयाची जोडणी तुटली आणि सकाळी पावणेसातला तिथल्या परिचारिकेचा फोन येईपर्यंत आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. संदेश आलेला होता. मी नंतर मोजले, तो २०७ वा होता. मुलाला मी काही बोललो नाही, कारण त्याच्या जागी मीही आवाज बंदच केला असता.

दुसरी अडचण नेमकी उलटी आहे. मुख्य अपलिंक ४०० एमबीपीएसची आहे. संध्याकाळी सात ते अकरा ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस पडतो, पण ग्राफवर जेमतेम ५०-६० एमबीपीएस दिसतात आणि अलार्म एकदाही वाजलेला नाही.

तेव्हा विचारणा अशी, की आपण मंडळी ही मर्यादा कशी ठरवता?

उद्यमबाग जुना | ४ ऑगस्ट, रात्री १०.५२

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिचे मूळ बहुधा मर्यादेत नसून मोजणीत आहे. मुख्य अपलिंकचा ग्राफ आजवर कधी ११४ एमबीपीएसच्या वर गेलेला पाहिला आहे का? आणि राउटर कॅक्टायला जोडताना एसएनएमपीची, म्हणजे उपकरणांकडून आकडे मागवण्याच्या पद्धतीची, कोणती आवृत्ती निवडली होती?

मलप्रभाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ११.२०

११४ हा आकडा आपल्याला कसा कळला? आत्ताच आजचा दिवसभराचा ग्राफ उघडला. सकाळी चढत चढत ११० च्या पुढे जातो, एकदम तळाला येतो आणि पुन्हा चढू लागतो. दिवसा लिंक मध्येच तुटते अशी आमची समजूत होती आणि त्यावरून अपलिंक देणाऱ्यांशी दोनदा वादही झाला आहे. राउटर आवृत्ती १ वर जोडलेला आहे.

उद्यमबाग जुना | ५ ऑगस्ट, सकाळी ८.०५

मग निदान झाले असे समजा. राउटरमधला बाइट मोजण्याचा जुना काटा ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर हा फेरा पुरा व्हायला ५ मिनिटे ४३ सेकंद लागतात, १ जीबीपीएसवर मात्र अवघे ३४ सेकंद. आपण दर ३०० सेकंदांनी काटा वाचता. दोन वाचनांच्या मध्ये एका फेऱ्याहून कमी बाइट गेले असतील तर सॉफ्टवेअर हिशेब बरोबर लावते. त्याहून जास्त गेले तर किती फेरे झाले हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. ३०० सेकंदांत एक फेरा म्हणजे सरासरी ११४.५ एमबीपीएस. माझा प्रश्न तिथून आला होता.

आता ४०० एमबीपीएसचा हिशेब करून पाहा. पाच मिनिटांत १५०० कोटी बाइट जातात. त्यात तीन फेरे पुरे होतात आणि वर सुमारे २११ कोटी बाइट उरतात. सॉफ्टवेअरला तेवढेच दिसतात, म्हणजे ५६ एमबीपीएस. आपल्या संध्याकाळच्या ५०-६० चे रहस्य हेच आहे.

६४ बिटांचे काटे वर्षानुवर्षे उपलब्ध आहेत, २००० सालच्या आरएफसी २८६३ या इंटरनेट-मानकाच्या कागदात ते नीट सांगितलेलेही आहेत. परंतु एसएनएमपीच्या आवृत्ती १ मध्ये ६४ बिटांचा आकडा पाठवण्याची सोयच नाही. राउटर आवृत्ती २सी किंवा ३ वर आणा आणि ग्राफ ६४ बिटांच्या काट्यावरून पुन्हा तयार करा. मोजमाप दुरुस्त होईपर्यंत मर्यादेच्या आकड्याला हात लावू नका.

मलप्रभाकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ९.४०

साहेब, आपले मनापासून आभार. कालच बदल केला. काल संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत ग्राफ ३९८ वर, पट्टीने आखावा तसा सपाट. तक्रारी खऱ्या होत्या आणि आम्ही दोन वर्षे ग्राहकांना त्यांचा राउटर बंद करून चालू करायला सांगत होतो, याचे वाईट वाटते.

तरीही काल अलार्म वाजला नाहीच.

सहकारी शाखा | ६ ऑगस्ट, दुपारी १.१५

वाजणार नाहीच. पोर्ट १ जीबीपीएसचा आहे, त्यामुळे ३९८ म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ४० टक्के. आपण विकत घेतलेला वेग ४०० आहे हे राउटरला ठाऊक नसते. ते तोंडी किंवा लेखी झालेल्या करारात असते. ज्या ज्या पोर्टवर करारातला वेग पोर्टच्या वेगाहून कमी आहे, तिथे हाताने वेग भरावा लागतो. आमच्या पतसंस्थेच्या शाखांना कुठे १० तर कुठे २० एमबीपीएसच्या लिंक आहेत आणि सगळ्या १०० किंवा १००० च्या पोर्टवर येतात. पहिले वर्षभर आमचेही सगळे पोर्ट हिरवेच होते.

आता ३१२ संदेशांविषयी. चढण्याची आणि उतरण्याची मर्यादा एकच ठेवली की हे होणारच. वर जाताना ८५ ला वाजवा, पण ७० च्या खाली आल्याशिवाय मिटवू नका. ही युक्ती नवी नाही. आरमॉन या जाळ्यावरच्या देखरेखीच्या मानकाच्या १९९५ च्या आरएफसी १७५७ मध्येही चढती आणि उतरती अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि चढती एकदा ओलांडल्यावर मोजमाप उतरत्या मर्यादेपर्यंत खाली आल्याखेरीज तोच अलार्म पुन्हा वाजू नये असा नियम घातलेला आहे. शिवाय किती वेळ ओलांडली हेही पाहा. कॅक्टायच्या मर्यादा-प्लगइनमध्ये तो काळ भरण्याची सोय आहे. आम्ही झॅबिक्स वापरतो आणि ‘गेल्या १५ मिनिटांतले किमान मूल्य ८५ टक्क्यांहून अधिक’ अशी अट लिहितो. त्यामुळे एखादा क्षणिक उसळा आला तर कोणाची झोप मोडत नाही.

मात्र आकडे भरण्यापूर्वी प्रत्येक अलार्मसमोर एक ओळ लिहून पाहा: हा संदेश आल्यावर कोणी काय करायचे? आम्ही ती वही केली तेव्हा ४६ अलार्मपैकी २९ समोर लिहिण्यासारखे काही सापडले नाही. ते फोनवरून काढले आणि सकाळच्या अहवालात टाकले.

शिकाऊ टिळकवाडी | ६ ऑगस्ट, रात्री ९.३०

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा असावी. लिंक १०० टक्के भरेपर्यंत तिच्यात जागा असतेच ना? मग ८० किंवा ८५ ला चिंता का करायची?

उद्यमबाग जुना | ७ ऑगस्ट, सकाळी ७.५०

प्रश्न बाळबोध नाही, उलट याचे उत्तर ज्याला नीट समजले त्याला निम्मा विषय समजला. पॅकेट ठरलेल्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात, म्हणून लिंक पूर्ण भरण्याच्या कितीतरी आधी रांग लागते. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात, ज्याला एम/एम/१ म्हणतात, पॅकेटला लागणारा सरासरी वेळ एक भागिले (एक उणे वापर) या पटीने वाढतो. वापर निम्मा असताना वेळ दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. खऱ्या जाळ्यातला ट्रॅफिक या गणिताहून अधिक घोळक्यांचा असतो, म्हणून आकडे तंतोतंत धरू नका. पण ८० च्या पुढे चढण अचानक उभी होते ती यामुळे.

दुसरी गोष्ट सरासरीची. १ जीबीपीएसची लिंक ३० सेकंद काठोकाठ भरली आणि उरलेले २७० सेकंद मोकळी राहिली, तर पाच मिनिटांच्या ग्राफवर १० टक्के दिसतात. त्या ३० सेकंदांत ज्याचा व्हिडिओ कॉल तुटला त्याला १० टक्के सांगून काय उपयोग? आमच्या फाउंड्रीत संध्याकाळी डिझाइनच्या फाइलींचा बॅकअप सुरू झाला की यंत्रांवरच्या पडद्यांचे दुवे तुटायचे आणि ग्राफ निर्दोष दिसायचा. शेवटी त्या एका पोर्टचे मोजमाप १० सेकंदांवर आणले, तेव्हा सुळके दिसले. सगळे पोर्ट १० सेकंदांनी मोजू नका, जुन्या स्विचचा प्रोसेसर एसएनएमपीची उत्तरे देण्यातच दमतो.

निपाणीकर | ७ ऑगस्ट, दुपारी ४.२५

सहकारी शाखावाल्या ताईंच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु एका मूळ गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. केवळ वापराच्या टक्केवारीवर रात्री कोणालाही उठवू नये. लिंक ८५ टक्के भरली म्हणून रात्री दोनला उठलेला मुलगा करणार काय? अधिक वेग विकत घेणे हे महिन्याभराचे काम आहे. त्यासाठी ९५ वा पर्सेंटाइल पाहावा: ३० दिवसांतली पाच-पाच मिनिटांची ८,६४० मोजमापे उतरत्या क्रमाने लावून वरची ४३२, म्हणजे ३६ तासांची, सोडून द्यायची आणि पुढचा आकडा घ्यायचा. तो करारातल्या वेगाच्या ७० टक्क्यांपर्यंत आला की खरेदीचा कागद पुढे सरकवायचा. यात फोन वाजवण्यासारखे काही नाही.

फोन वाजवावा तो चुकांवर आणि टाकून दिलेल्या पॅकेटवर. गीगाबिट फायबरच्या मानकात एक लाख कोटी बिटांमागे एक चूक एवढीच मुभा आहे. १५०० बाइटच्या फ्रेमच्या हिशेबाने सुमारे आठ कोटी फ्रेममागे एक. त्यामुळे सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, हजारात एक होऊ लागल्या, तर टक्केवारीत ०.१ दिसले तरी लिंक आजारीच आहे. मर्यादा काट्याच्या एकूण आकड्यावर लावू नका. तो स्विच सुरू झाल्यापासूनचा असतो आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका खराब पॅच कॉर्डच्या चुकाही त्यात असतात. दोन वाचनांमधला फरक घ्या.

इथल्या एका तंबाखूच्या वखारीतली गोष्ट सांगतो. वखारीतून तक्रार यायची की हिशेबाचे सॉफ्टवेअर रांगते. वापर पाहिला तर ३ टक्के. आम्ही महिनाभर सॉफ्टवेअरवाल्यांना दोष दिला. मग चुकांचा काटा उघडला. आमच्या टोकाला कोणीतरी वेग १०० फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) हाताने बांधला होता आणि वखारीतला स्विच ऑटोवर होता. असे झाले की ऑटोवाले टोक हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरते. तिकडे उशिराच्या टकरी, इकडे सीआरसीच्या चुका, दर मिनिटाला शेकड्याने. दोन्ही टोके ऑटोवर केली आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला. पॅकेट गळू लागली की जुन्या पद्धतीचे टीसीपी, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणारा नियमसंच, आपणहून पाय आवरते. ४० मिलिसेकंदांच्या जाण्यायेण्याच्या फेरीवर १ टक्का गळती असेल तर एका जोडणीला जेमतेम ३ ते साडेतीन एमबीपीएस मिळतात. म्हणजे लिंक जितकी आजारी, तितका वापर कमी, आणि ८० टक्क्यांचा अलार्म तितकाच गप्प.

सहकारी शाखा | ७ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

निपाणीकर दादा, चुकांविषयी आपले म्हणणे पूर्ण मान्य. पण ‘रात्री कोणालाही उठवू नये’ हे मात्र पटत नाही. आमच्या एका शाखेची लिंक रात्री अडीचला ९५ टक्के भरलेली सापडली, जेव्हा शाखेला कुलूप होते. एका संगणकाला लागण झाली होती आणि तो बाहेर कचरा ओतत होता. भर दुपारी ९५ टक्के असते तर मीही जागेवरून उठले नसते. म्हणून वेळेनुसार वेगळी मर्यादा हवी. बंद शाखेसाठी रात्री आम्ही ३० टक्के ठेवतो, आणि तो संदेश येतो तेव्हा खरोखर कोणीतरी उठून पोर्ट बंद करते.

निपाणीकर | ७ ऑगस्ट, सायंकाळी ७.१०

हे मान्य. माझे वाक्य ग्राहकांच्या लिंकपुरते समजावे.

घाटावरचा टॉवर | ८ ऑगस्ट, सकाळी ११.००

आपल्या वायरलेस लिंकविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो तो बेळगाव शहरात बसून कळत नाही. लिंक कोणत्या फ्रिक्वेन्सीची आहे? १० गीगाहर्ट्झच्या वरची असेल तर मुसळधार पावसात सिग्नल पडणारच. ५ गीगाहर्ट्झची असेल तर पावसाच्या थेंबांचा त्रास नगण्य असतो. तिथे दोष ओल्या झाडीचा, वाऱ्याने हलणाऱ्या खांबाचा आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा. पाऊस थांबल्यावर तासाभरातही सिग्नल पूर्ववत झाला नाही तर कनेक्टर उघडून पाहा.

मर्यादेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सिग्नल पडला तर रेडिओ मॉड्युलेशन उतरवतो, म्हणजे एका वेळी कमी बिट पाठवतो. २५६ क्यूएएममध्ये एका चिन्हात ८ बिट जातात, क्यूपीएसकेमध्ये २. म्हणजे उन्हात २०० एमबीपीएस देणारी लिंक पावसात ५० वर येऊ शकते. इथरनेटचा पोर्ट मात्र तेव्हाही १ जीबीपीएसच सांगतो. ४५ एमबीपीएस ट्रॅफिक असेल तर उन्हात ती मोकळी असते आणि पावसात तुंबलेली. म्हणून टक्केवारी काढायचीच असेल तर रेडिओ त्या क्षणी सांगत असलेल्या क्षमतेवरून काढा, नाहीतर मॉड्युलेशन उतरले यावरच अलार्म लावा.

घटप्रभेपलीकडे | ८ ऑगस्ट, रात्री ८.२०

एवढे सगळे आकडे हाताने का भरता? आरआरडीटूल या मोजमापे साठवणाऱ्या साधनात वर्षानुवर्षे होल्ट-विंटर्स पद्धत आहे. ती मागच्या ट्रॅफिकवरून दिवसाच्या प्रत्येक वेळेचा अंदाज बांधते आणि मोजमाप त्या पट्ट्याबाहेर गेले तर कळवते. कॅक्टाय तर आरआरडीटूलवरच चालते. गोकाक आणि हुक्केरीकडच्या आमच्या लिंकवर मी हीच पद्धत वापरतो आणि मला एकही टक्केवारी ठरवावी लागलेली नाही.

उद्यमबाग जुना | ८ ऑगस्ट, रात्री ९.१५

या पद्धतीचा धोका या धाग्यातच दिसतो. मलप्रभाकाठ यांची अपलिंक रोज सात ते अकरा ३९८ वर सपाट असते. शिकणारी पद्धत दोन आठवड्यांत तेच निरोगी असल्याचे शिकेल आणि उद्या ती ३९८ वर असली की सारे ठीक म्हणून सांगेल. जुना आजार तिला ओळखू येत नाही, बदल तेवढा ओळखू येतो.

शिवाय आपल्या भागाचे दिनमान तिला कोण सांगणार? विश्वेश्वरय्या विद्यापीठाचा निकाल लागतो त्या दुपारी वसतिगृहांचा ट्रॅफिक कुठल्या कुठे जातो. गणपतीत रात्रीचे बारा हे संध्याकाळच्या आठसारखे असतात. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनी, बाजारपेठेतल्या लिंक ओस पडतात आणि घरांच्या भरतात. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की हलग्याच्या बाजूचे चित्र आठ-दहा दिवस बदलते. हे सगळे दिवस तिला बिघाडच वाटतील.

घटप्रभेपलीकडे | ८ ऑगस्ट, रात्री १०.०५

मुद्दा रास्त आहे. खरे तर मला तिचा सर्वांत जास्त उपयोग खालच्या बाजूला होतो, हे सांगायचे राहिले. ट्रॅफिक अचानक नेहमीच्या निम्म्यावर आला, तरी पोर्ट चालू, पिंग चालू, सगळे हिरवे. गेल्या हंगामात एका उसाच्या फडात पाला पेटवला आणि बांधावरून गेलेली आमची केबल भाजली. मुख्य धागा वाचला, पण वाटेत फुटणाऱ्या दोन वाड्या गेल्या. ‘या वेळी इथे १२० असतात, आज ४० का?’ असे विचारणारा तो एकच अलार्म होता. वरच्या बाजूला आपल्या ठरीव मर्यादा आणि खालच्या बाजूला ही शिकणारी पद्धत, अशी जोडी लावायला माझी हरकत नाही.

घाटावरचा टॉवर | ९ ऑगस्ट, सकाळी ७.३०

३१२ च्या हिशेबात वीज किती वेळा गेली तेही पाहावे. गावातली वीज गेली आणि एका खांबावरचा यूपीएस संपला की त्यामागची दहा-बारा उपकरणे एकदम नाहीशी होतात आणि प्रत्येकाचा वेगळा संदेश येतो. कोणते उपकरण कोणाच्या मागे आहे हे सॉफ्टवेअरमध्ये भरले की पुढचे पडल्यावर मागचे गप्प राहतात.

यूपीएसला एसएनएमपी कार्ड असेल तर तो बॅटरीवर किती मिनिटे उरली हे सांगतो. आमच्याकडे कणकुंबीच्या बाजूला जनरेटर घेऊन पोचायला भर पावसात सव्वा तास लागतो, म्हणून तिथे ९० मिनिटे उरली की फोन वाजतो. खानापूर गावात ३०. एकाच कंपनीचे, एकाच ताकदीचे यूपीएस, आणि मर्यादा वेगळी, कारण रस्ता वेगळा.

घटप्रभेपलीकडे | ९ ऑगस्ट, सकाळी १०.४५

आणि संदेश कोणत्या भाषेत जातो? आमचे दोन लाइनमन फक्त कन्नड वाचतात, खानापूरकडचे मराठी. पूर्वी सगळ्यांना इंग्रजी संदेश जायचा. पोर्टचा लांबलचक क्रमांक आणि शेवटी ‘क्रिटिकल’. तो पाहून प्रत्येक जण ऑफिसला फोन करून विचारायचा, ‘काय झालंय?’ आता ज्याच्या भागातला बिघाड त्याच्या लिपीत जातो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरी किंवा कन्नडमध्ये ७०. म्हणून गावाचे नाव, खांबाचा क्रमांक, काय झाले आणि काय करायचे, एवढेच ठेवतो.

मलप्रभाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ११.१०

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले आहे की एकेक करून राबवल्याशिवाय उत्तर देणे बरे दिसणार नाही. वही आणली आहे. महिन्याभराने इथेच कळवतो.

मलप्रभाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.३०

सांगितल्याप्रमाणे लिहीत आहे. थोडा उशीर झाला.

करारातला वेग सगळ्या पोर्टवर हाताने भरला. अपलिंकवर ८५ ला, तेही सलग १५ मिनिटे, आणि ७० ला मिटणे. हा संदेश रात्रपाळीला न जाता मला सकाळी येतो. ९५ वा पर्सेंटाइल ३९७ निघाला. तो कागद अपलिंक देणाऱ्यांपुढे ठेवला आणि या महिन्यापासून वेग ७०० केला. संध्याकाळच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

रात्रपाळीला आता चारच गोष्टी जातात: जोडणी तुटणे, चुकांची वाढ, यूपीएसची उरलेली मिनिटे आणि ट्रॅफिक अचानक निम्म्याखाली येणे. रुग्णालय आणि औषधांची दोन दुकाने यांना वेगळा आवाज दिला आहे. वायरलेस लिंक ५ गीगाहर्ट्झचीच निघाली. टॉवरवाल्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कनेक्टर उघडला, तर आत हिरवा गंज आणि चमचाभर पाणी होते.

मागच्या आठवड्यात रात्रपाळीला एकूण ११ संदेश आले. त्यांतला एक पहाटे ३.२० चा. एका स्विचच्या अपलिंकवर सीआरसीच्या चुका शून्यावरून मिनिटाला चाळीसवर गेल्या होत्या, ट्रॅफिक तेव्हा नगण्य होता. मुलाने मला उठवले. सकाळी सहाला लाइनमन गेला तर खांबावरच्या पेटीचे झाकण उघडे आणि उंदराने पॅच कॉर्ड कुरतडलेली. आठला गिऱ्हाईक जागे होण्याआधी ती बदलून झाली.

एक गोष्ट अडली आहे. ओएलटीवरून प्रत्येक घरच्या प्रकाशाची पातळी दिसते. वजा २५ डीबीएमला (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप; वजा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) अलार्म लावला, तर ४० घरे पहिल्याच दिवशी लाल झाली. ती वर्षभर व्यवस्थित चालू आहेत.

निपाणीकर | २१ सप्टेंबर, रात्री ११.०५

जीपॉनच्या, म्हणजे घरोघरच्या फायबर जाळ्याच्या, बी-प्लस वर्गात घरच्या उपकरणाला वजा २७ डीबीएमपर्यंत वाचता यावे असे मानक आहे, म्हणून वजा २५ हा आकडा चूक नाही; पण लांबच्या वाडीवरचे घर पहिल्या दिवसापासूनच तिथे असते. त्याला लाल करून काय साधणार? दुसरीकडे ओएलटीजवळचे वजा १७ चे घर वजा २२ वर आले, म्हणजे प्रकाश एक तृतीयांशाहूनही कमी उरला, तरी ते हिरवेच राहील, जेव्हा तिथे फायबर कुठेतरी दुमडलेली असणार. जोडणीच्या दिवशीची पातळी धरा आणि त्यापासून २ डीबी घसरण झाली की कळवा. वजा २७ च्या जवळची घरे वेगळ्या यादीत काढून पावसाळा संपल्यावर स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे सांधे, तपासा.

सहकारी शाखा | २२ सप्टेंबर, सकाळी ९.१५

जोडणीच्या दिवशीचे आकडे लिहून ठेवलेले आहेत का, हा खरा प्रश्न.

मलप्रभाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ११.४०

आहेत, ताई. आमचा जुना लाइनमन प्रत्येक घरी मीटर लावून पातळी वहीत टिपत असे आणि तो हे कशासाठी करतो असे मीच त्याला विचारत असे. अशा तीन वह्या सापडल्या. एकीला पावसाचे पाणी लागले आहे, तरी आकडे वाचता येतात. आज रात्रपाळीचा मुलगा वाचतो आहे आणि मी भरतो आहे. १४० घरे झाली. त्याचा फोन टेबलावर आहे, आवाज चालू आहे.